चिलिंग : लडाखमधल्या तांब्याच्या गावी जाताना

लडाखला जाणाऱ्या मराठी पर्यटकांची यादी बहुतेक सारखीच असते. पँगाँग, नुब्रा, खारदुंग ला आणि वेळ उरला तर एखादा गोंपा. या यादीत चिलिंग क्वचितच दिसतं. लेहपासून सुमारे ६० किलोमीटरवर, झंस्कार नदीच्या काठी वसलेलं हे लहानसं गाव तीनेकशे वर्षांहून अधिक काळ तांबं, पितळ आणि चांदी घडवतं आहे. गावाखालच्या नदीवरून राफ्टिंगच्या नावा सुटतात, हिवाळ्यात गोठलेल्या झंस्कारवरून ‘चादर’ चालायला निघालेले लोक इथूनच पुढे जातात, मारखा खोऱ्यातले पदयात्रीही याच बाजूने जातात. पण यांतले फार थोडे जण गावात पाऊल टाकतात.

गावात जरूर जावं. मात्र तिथे तिकीट काढून पाहण्यासारखं काही नाही आणि ठरल्या वेळेचं प्रात्यक्षिकही नाही. चिलिंगला जायचं ते हाताने धातू कसा घडतो हे समजून घ्यायला आणि घडवणाऱ्यापुढे जाणतं गिऱ्हाईक म्हणून उभं राहायला. जाणतं गिऱ्हाईक एका दिवसात होता येत नाही, त्यासाठी थोडी तयारी लागते. हा लेख त्या तयारीसाठी आहे.

गावाची गोष्ट आधी माहीत हवी

सतराव्या शतकात लडाखचा राजा देल्दन नामग्याल याने आपले वडील सेंगे नामग्याल यांच्या स्मरणार्थ शे इथल्या राजवाड्यात शाक्यमुनी बुद्धाची मोठी मूर्ती घडवून घेतली. मूर्ती सुमारे १२ मीटर उंच आहे. तांब्याचे पत्रे ठोकून तिचे भाग घडवले आणि वर सोन्याचा मुलामा चढवला. एवढं मोठं काम पेलणारे हात हवे होते, म्हणून नेपाळच्या खोऱ्यातून नेवार कारागीर आणले गेले. तिबेटपासून लडाखपर्यंतचे राजे आणि मठ मूर्तिकामासाठी याच नेवारांना बोलावत. काम संपल्यावर त्यांतले काही जण इथेच राहिले. चिलिंगमधली कारागीर घराणी आपलं मूळ त्यांच्यापर्यंत नेऊन सांगतात.

तांबं, पितळ, सोनं आणि चांदी यांत काम करणाऱ्यांना लडाखमध्ये ‘सेरगार’ म्हणतात. लोखंडकाम करणारे ‘गारा’ वेगळे. दोघांना एकाच नावाने संबोधू नका. गारांना जुन्या समाजरचनेत बरंच सोसावं लागलं आहे, त्यामुळे जातीपातीची चौकशी प्रवाशाने करूच नये. कामाबद्दल विचारावं, सगळे मोकळेपणाने बोलतात.

सेरगारांच्या हातून काय काय तयार होतं? चहाची किटली, म्हणजे ‘तिब्रिल’. छांग, म्हणजे जवाचं मद्य, वाढायचं भांडं, ‘चबस्क्यान’. डाव, पळ्या, चमचे, पेल्याखालच्या बैठका, देवापुढचे लोण्याचे दिवे, छोटे स्तूप, ताईत ठेवायच्या डब्या. जुन्या लडाखी घरातलं स्वयंपाकघर हीच घराची बैठक असते. तिथल्या फळ्यांवर ही भांडी ओळीने मांडलेली असतात आणि घराची पत त्यांवरून कळते. आपल्या आजीच्या घरातली पितळी डब्यांची मांडणी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

निघण्यापूर्वी डोळा आणि कान तयार करा

या कामातले बारकावे पाहिल्याशिवाय कळत नाहीत आणि पहिल्यांदा पाहताना नेमकं काय पाहायचं ते सुचत नाही. म्हणून पहिली भेट चिलिंगला नको, पुण्याला द्या. कसबा पेठेतल्या तांबट आळीत आजही तांब्यावर हातोडा पडतो. तिथे थोडा वेळ उभं राहा. सपाट पत्र्याला खोली कशी येते ते पाहा. मठारकाम पाहा, म्हणजे घडलेल्या भांड्यावर ओळीने, एकसारख्या अंतरावर हातोडीचे ठसे उमटवणं. यामुळे भांड्याला चमक येतेच, पण पत्रा घट्ट आणि ताठही होतो. कोणतं अवजार कशासाठी हे तांबटांना मराठीतच विचारता येतं, हा आपला मोठा फायदा. लडाखमध्ये तेच अवजार दिसलं की प्रश्न आपोआप सुचतात.

लेहला पोहोचल्यावर दुसरी भेट शेच्या मूर्तीला द्या. शे लेहपासून १५ किलोमीटरवर आहे. मूर्ती दोन मजल्यांची उंची व्यापून बसलेली आहे, त्यामुळे एका ठिकाणी उभं राहून ती पुरती दिसत नाही. वरच्या मजल्यावर मुखासमोर उभं राहिलात की गालांची गोलाई पाहा. ती ओतलेली नाही, पत्र्यावर हातोडीने आणलेली आहे. मूर्तीला हात लावू नका, फ्लॅश वापरू नका आणि प्रदक्षिणा घालायची तर देवता उजव्या हाताला ठेवून घाला. वेळ असेल तर स्तोकच्या राजवाड्यातलं संग्रहालयही पाहून घ्या. राजघराण्याच्या वापरातली भांडी आणि दागिने तिथे ठेवलेले आहेत. उत्तम काम कसं असतं याचा अंदाज तिथे येतो आणि पुढे खरेदी करताना तोच उपयोगी पडतो.

प्रवासाची व्यवस्था

लेहची उंची साधारण ३,५०० मीटर आहे. विमानाने गेलात तर पहिले दोन दिवस कुठेही न जाता विश्रांती घ्या. भरपूर पाणी प्या, जिने भराभर चढू नका, मद्य टाळा. हृदयाचा किंवा फुप्फुसांचा विकार, वाढलेला रक्तदाब किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारूनच लडाखचा बेत करा. उंचीसाठीच्या गोळ्याही त्यांच्याच सल्ल्याने घ्याव्यात. डोकेदुखी वाढत गेली, चालताना तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी धाप लागली तर फिरणं थांबवून थेट दवाखाना गाठा. चिलिंग लेहपेक्षा थोडं खालीच आहे, त्यामुळे शरीर एकदा रुळलं की तिथे उंचीचा वेगळा त्रास सहसा होत नाही.

रस्ता लेहहून पश्चिमेला सिंधूच्या काठाने जातो. वाटेत पत्थर साहिब गुरुद्वारा लागतो, पुढे निम्मूजवळ सिंधू आणि झंस्कार यांचा संगम. दोन नद्यांचे दोन रंग बराच वेळ वेगळे दिसतात. निम्मूहून मुख्य रस्ता सोडून झंस्कारच्या काठाने वर वळायचं. हाच रस्ता पुढे पदुमला आणि दारचाला जातो. २९८ किलोमीटरचा हा निम्मू-पदुम-दारचा मार्ग सीमा रस्ते संघटनेने मार्च २०२४ मध्ये सलग जोडला. त्यामुळे इथली वाहतूक वाढते आहे, पण घळ अरुंदच आहे. कडे भुसभुशीत आहेत, दगड सुटतात. पाऊस पडला असेल तर निघण्यापूर्वी रस्त्याची चौकशी करा.

लेहहून चिलिंगला साधारण दोन तास लागतात. सकाळी लवकर निघा. दुपारनंतर घळीत वारा सुटतो, ऊन कड्यांआड जातं आणि राफ्टिंगच्या गाड्यांची गर्दी होते. टॅक्सी लेहच्या टॅक्सी संघटनेच्या दरपत्रकाप्रमाणे ठरवा, आणि चालकाला आधीच स्पष्ट सांगा की संगमावर फोटो काढून परतायचं नाही, गावात तीन-चार तास थांबायचं आहे. थांबण्याचा आकार तेव्हाच बोलून घ्या. अल्ची, लिकिर, बासगो याच बाजूला असल्याने सगळं एकाच दिवसात उरकण्याचा मोह होतो. तो टाळा. चिलिंगला अख्खा दिवस द्या. त्याहून उत्तम म्हणजे एक रात्र गावातल्या घरगुती मुक्कामात काढा.

बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिमकार्ड लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड लागतं, आणि घळीत त्याचाही भरवसा नाही. मोबाईलवरून पैसे देता येतील असं धरून चालू नका, लेहमधूनच रोख रक्कम न्या. सुटे पैसे असू द्या.

जायचं कधी? प्रवासाला मे अखेर ते सप्टेंबर हा काळ सोयीचा. पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. हे कारागीर शेतकरीही आहेत. उन्हाळ्यात जव पेरणं, पाण्याच्या पाळ्या, जर्दाळू उतरवणं, कापणी अशी कामं असतात, आणि घरात बसून करायची कामं हिवाळ्याकडे सरकतात. तुम्ही गेलात त्या दिवशी भट्टी पेटलेली असेलच असं नाही. लेहमधल्या मुक्कामाच्या ठिकाणाहून किंवा चालकाकडून गावात आधी निरोप पाठवलात तर काम पाहायला मिळण्याची शक्यता वाढते. निरोप न पाठवता जाऊन “आमच्यासाठी जरा पेटवून दाखवा” असं म्हणू नये. कोळसा, वेळ आणि अंगमेहनत, तिन्हींची किंमत असते. कोणी खास तुमच्यासाठी भट्टी पेटवलीच तर त्याचा मोबदला द्या, वस्तू घेतलीत तरी वेगळा द्या.

गावात गेल्यावर

घरं, शेताचे तुकडे, जर्दाळूची झाडं आणि पाण्याचे पाट, एवढंच गाव आहे. पाट ओलांडताना बांध ढासळू देऊ नका, त्या पाण्यावर अख्खं गाव जगतं. जर्दाळू झाडावर लगडलेले असले तरी ते कोणाचे तरी आहेत, विचारून घ्या. समोर कोणी दिसलं की ‘जुले’ म्हणा. वयाने मोठ्या बाईंना ‘अमा-ले’, मोठ्या पुरुषाला ‘आबा-ले’, आपल्याहून थोड्या मोठ्या माणसाला ‘अचो-ले’ म्हणतात. हिंदी बहुतेकांना येते.

कामाची जागा घरातच किंवा घराला लागून असते. आत जाण्यापूर्वी विचारा, जोडे कुठे काढायचे ते पाहा. चहा पुढे आला तर नाही म्हणू नका. लोण्याचा खारट चहा सवयीचा नसेल तर थोडाच घ्या, कारण पेला रिकामा झाला की पुन्हा भरला जातो. फोटो काढण्याआधी परवानगी घ्या, आणि आल्या आल्या फोन बाहेर काढू नका. आधी बसा, बोला, काम पाहा. मुलं बरोबर असतील तर त्यांना भट्टी आणि ऐरणीपासून चांगलं लांब बसवा. बारीक ठिणगी, तापलेला पत्रा आणि निसटलेला तुकडा यांतलं काहीही इजा करू शकतं. सोन्याचा मुलामा चढवण्याच्या जुन्या पद्धतीत पारा वापरतात. त्याची वाफ विषारी असते. असं काम चालू असेल तर तिथे थांबू नका आणि ते दाखवा असा आग्रहही धरू नका.

काम पाहताना काय पाहावं

पहिली पाहायची ती भट्टी. कोळशाचा छोटासा विस्तव आणि त्याला वारा घालणारा भाता. लडाखमध्ये बकऱ्याच्या अख्ख्या कातड्याचा भाता वापरण्याची जुनी पद्धत आहे. भाता चालवणाऱ्याचा हात एका लयीत उघडमीट करतो. भाता चालवणं हे हाताखालच्या माणसाचं काम वाटतं, पण ताव कमी-जास्त झाला तर पत्रा बिघडतो. तांबं १,०८५ अंश सेल्सिअसला वितळतं. पत्रा त्याच्या बराच खाली, मंद लाल होईपर्यंत तापवायचा असतो. तो अंदाज मोजमापाने घेत नाहीत, रंगावरून घेतात, आणि म्हणूनच कामाची जागा अंधारी ठेवलेली असते. उजेड कमी म्हणून तक्रार करू नका.

दुसरं पाहायचं ते ठोकणं आणि ताव देणं यांचं चक्र. हातोडा पडत गेला की तांबं कडक होतं. आणखी ठोकलं तर त्याला चीर जाते. त्याआधीच ते पुन्हा तापवून मऊ करावं लागतं. तापलेला पत्रा पाण्यात बुडवलेला पाहून अनेकांना वाटतं की तो आता कडक झाला असणार. पोलादाचं तसं होतं. तांबं पाण्यात बुडवलं तरी मऊच राहतं, लवकर हातात घेता येतं आणि वरची काळी पापडी निघायला मदत होते. एका खोल भांड्यासाठी हे चक्र कित्येकदा फिरतं. पुन्हा ताव द्यायची वेळ कधी आली हे कारागिराला आवाजावरून कळतं. मऊ पत्र्याचा आवाज बसका असतो, कडक होत गेला की तो खणखणीत होतो. डोळे मिटून काही मिनिटं नुसतं ऐकलंत तर तो फरक तुम्हालाही कळेल.

तिसरं म्हणजे जोड. किटलीसारखं भांडं एका तुकड्यात होत नाही. बूड, पोट, मान, तोटी आणि मूठ वेगवेगळी घडवून जोडतात. चांगल्या जुन्या कामात पत्र्याच्या कडांना दाते पाडून ते एकमेकांत अडकवलेले असतात, मग टाकणखार घालून पितळेने झाळ दिलेली असते. भांडं आतून पाहिलं की ती दातेरी पिवळी रेघ दिसते. ती रेघ म्हणजे दोष नव्हे, तिच्यामुळेच भांडं पिढ्यान् पिढ्या गळत नाही.

चौथं, नक्षी. उठावाच्या कामासाठी पत्रा राळेच्या थरावर बसवतात. राळ पत्र्याला धरून ठेवते आणि हातोडीखाली दबतेही. मागून ठोकून फुगवटा आणायचा, पुढून बारीक छिन्न्यांनी रेषा नेमक्या करायच्या. ड्रॅगन, कमळ, ढग, आठ मंगलचिन्हं हे नेहमीचे आकार. तांब्याच्या किटलीवर पितळेच्या किंवा चांदीच्या पट्ट्या आणि तोटीच्या जागी मकरमुख दिसलं तर जरा जवळून पाहा, कारागिराचं कसब तिथे सगळ्यात जास्त लागलेलं असतं.

विकत घेताना

लेहच्या बाजारात बाहेरून आलेला, यंत्रावर तयार झालेला माल पुष्कळ असतो. तो वाईट म्हणून सांगत नाही, पण तो चिलिंगचा समजून घेऊ नका. फरक ओळखायच्या काही खुणा आहेत. हाताने घडलेल्या भांड्यावर ठोक्यांच्या ओळी सारख्या असल्या तरी ठसे अगदी एकसारखे नसतात. यंत्राने दाबलेले खळगे मात्र सगळे एकाच मापाचे असतात. चाकावर फिरवून केलेल्या भांड्याच्या आत बारीक गोल रेघा दिसतात. हाताने केलेल्या भांड्याच्या पत्र्याची जाडी कडेला आणि बुडाला वेगळी लागते. जोड आतून पाहा. वजन हातात घेऊन पाहा. किटली असेल तर पाणी भरून ओतून पाहायला मागा, धार तुटक न पडता सरळ पडली पाहिजे आणि झाकण कलंडता कामा नये. चांगल्या कारागिराला ही परीक्षा आवडते.

भावाबद्दल स्पष्ट सांगायचं तर इथे घासाघीस करू नका. बाजारात यंत्राच्या वस्तूची जी किंमत तुम्ही पाहिली असेल, ती इथे लावता येत नाही. एका किटलीत कित्येक दिवसांचं काम असतं. मोठी वस्तू परवडत नसेल तर छोटी घ्या. तांब्याचा चमचा, पितळी डाव, लोण्याचा दिवा ही रोज वापरता येतील अशी आणि प्रामाणिक कामाची खरेदी आहे. आवडीची वस्तू तयार नसेल तर मागणी नोंदवा. माप, धातू, कल्हई हवी की नको, पोहोचवण्याची व्यवस्था, सगळं लिहून द्या आणि आगाऊ रक्कम द्या. हिवाळ्यात हाताला काम मिळतं ते अशा मागण्यांमुळे.

जुनी वस्तू दाखवून कोणी “आजोबांच्या वेळची आहे” म्हणालं, तर हात आखडता घ्या. १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तूंचा व्यवहार परवान्याशिवाय करता येत नाही आणि त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. परदेशात राहणाऱ्या मराठी मंडळींनी हे विशेष लक्षात ठेवावं. नवी वस्तू नेतानाही कारागिराकडून तारखेसह साधी पावती घ्या. शिवाय घराघरांतली जुनी भांडी निघून गेली तर पुढच्या पिढीला नमुना म्हणून पाहायला काय उरेल? जुनी वस्तू त्या फळीवरच राहू द्या, तिच्यासारखी नवी घडवून घ्या.

परतीच्या विमानात जड, टोकदार वस्तू हातातल्या सामानात घेऊ देत नाहीत. कपड्यांत नीट गुंडाळून मोठ्या बॅगेत घाला. किटलीच्या पोटात मोजे भरा, म्हणजे पोचे पडत नाहीत.

घरी आणल्यावर

भांडं कपाटात ठेवू नका, वापरा. साधं पाणी कल्हई नसलेल्या तांब्यात ठेवता येतं. ताक, चिंच, कोकम, लिंबू, टोमॅटो असं आंबट त्यात कळकतं, कारण आम्लामुळे तांबं अन्नात उतरतं. चहासाठी किंवा स्वयंपाकासाठी भांडं हवं असेल तर आतून कल्हई हवीच. ती कथलाची असावी, शिसं मिसळलेली नको. कल्हई झिजून आतून लाल तांबं दिसू लागलं की पुन्हा करून घ्या. आपल्याकडे कल्हईवाले कमी झाले आहेत, पण तांबट आळीत चौकशी केली तर सोय होते. आतून तारेच्या घासणीने घासू नका. बाहेरून चिंच किंवा लिंबू-मीठ पुरेसं आहे. चांदीच्या किंवा मुलाम्याच्या भागाला मात्र आंबट लावू नका, मऊ फडक्याने पुसा.

ज्यांना लडाख जमत नाही, त्यांच्यासाठीही वाट मोकळी आहे. अमृतसरजवळच्या जंडियाला गुरूच्या ठठेरांची पितळ-तांब्याची भांडी घडवण्याची कला २०१४ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत गेली. अल्मोड्याचे टमटा तांबट आहेत, आणि आपल्या पुण्याची तांबट आळी तर बसने जाऊन येण्यासारखी आहे. इथे सांगितलेलं बहुतेक सगळं तिथेही लागू पडतं.

ही सगळी गावं आणि आळ्या एका साध्या गोष्टीवर टिकून आहेत. घडवलेलं भांडं कोणीतरी वापरायला नेलं पाहिजे आणि त्याचे योग्य दाम दिले पाहिजेत. कौतुकाने भट्टी पेटत नाही, मागणीने पेटते. म्हणून जाताना घरात कोणतं भांडं खरोखर हवं आहे ते ठरवून, त्याचं माप कागदावर लिहून घेऊन जा. तो कागद कारागिराच्या हातात द्या आणि भांडं तयार व्हायला लागेल तेवढा काळ थांबायची तयारी ठेवा.